वरोरची साक्षीदार

चंद्रिकाच्या डाव्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत, एकोणीस टाके पडले होते. ते तीन आठवड्यांत सुकले. तिचं दुसरं जे काही फाटलं होतं ते कोणाला दिसलं नाही, आणि म्हणून ते शिवायचं असतं हेही वर्षभर कोणाच्या लक्षात आलं नाही.

डहाणूच्या मासळी बाजारात चंद्रिका आणि संगीता अकरा वर्षं शेजारी शेजारी बसत होत्या. चंद्रिका वरोरहून पाटी घेऊन यायची. संगीता घोलवडची लेक, लग्न होऊन वरोरलाच आलेली. चंद्रिकाचा आवाज बाजाराच्या या टोकाहून त्या टोकाला जायचा, आणि गिऱ्हाइकानं भाव पाडून मागितला की ती पापलेट उचलून परत बर्फात टाकायची. संगीता तिच्या आडोशानं धंदा करायची. नवरा प्रविण मारतो म्हणून ती दोन महिने आईकडे घोलवडला राहत होती आणि तिथूनच बाजाराला यायची.

त्या दिवशी सकाळचे दहा वाजले असतील. प्रविण आला तो दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून. बगलेत गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी होतं. चंद्रिकाला वाटलं, हा समजूत काढायला आला. ती म्हणालीसुद्धा, "ये रे, आता तरी नीट बोल तिच्याशी."

गोणपाट खाली पडलं आणि कोयता संगीताच्या मानेवर बसला. ओल्या लाकडावर घाव बसतो तसा आवाज झाला. दुसरा घाव पडायच्या आत चंद्रिकानं हातातली पाटी पुढे धरली. कोयता पाटीतून आरपार येऊन तिच्या हातात रुतला. तिसरा आणि चौथा परत संगीतावर. बाजारातली शंभर माणसं पळाली. ओट्याच्या आणि गटाराच्या मधल्या फटीत चंद्रिका आडवी पडली होती, तिच्या अंगावर संगीता, ओठ अजून हलत असलेली. रक्त, बर्फाचं पाणी आणि खवले, सगळं एक होऊन तिच्या तोंडात जात होतं. प्रविणनं कोयता टाकला, ओट्यावर बसला आणि बिडी पेटवली. पोलीस आले तेव्हाही तो तिथेच होता.

त्याला आत टाकलं. चंद्रिका महिन्यानं परत बाजाराला निघाली. नाक्यावर रिक्षात बसली आणि रिक्षा वळणाला लागायच्या आत तिची छाती धडधडायला लागली. हात बधिर झाले, श्वास वरच्या वर अडकला. "थांबव, मी मेले," असं ओरडून ती चालत्या रिक्षातून उतरली आणि रस्त्याच्या कडेला ओकली. दवाखान्यात हृदयाची पट्टी काढली. सगळं ठीक निघालं.

दुसऱ्या वेळेला तेच झालं. तिसऱ्या वेळेला नाक्यावरच झालं. मग तिनं नाका सोडला. पुढच्या महिन्यात किराणा दुकान सुटलं, मग पाण्याचा नळ, मग शेजारणीची पडवी. वाळत घातलेले बोंबील उलटायला अंगणात जायची, तेही सुटलं. आठव्या महिन्यात तिचं जग म्हणजे दोन खोल्या आणि मागची मोरी एवढं उरलं. घरात ती अगदी बरी असायची. स्वयंपाक करायची, मासळी साफ करायची, टीव्ही बघायची. दाराच्या उंबऱ्याशी पाऊल आलं की मात्र पाय दगडाचे व्हायचे. प्रविण तुरुंगात आहे हे तिला माहीत होतं. भीती त्याची नव्हती. त्या धडधडीची होती. पुन्हा तसं झालं तर आपण भर रस्त्यात मरून पडू, आणि तेव्हाही सगळे पळून जातील, याची होती.

सासू हिरूबाई सत्तरीची. तिनं सुनेची पाटी डोक्यावर घेतली आणि वरोरच्या नाक्यावर बसायला लागली. "ऱ्हाऊ दे गो तिला घरात," ती शेजाऱ्यांना सांगायची, "घरात काय वाघ खातोय?" नवरा मनिष बोटीवर खलाशी. दहा-दहा दिवस समुद्रात. घरी आला की बायकोकडे बघायचा आणि काय करावं हे न सुचून जाळं शिवत बसायचा.

उपाय केले नाहीत असं नाही. नाक्यावरच्या डॉक्टरनं घरी येऊन चार बाटल्या सलाईन लावलं आणि अशक्तपणा आहे म्हणाला. मनिषनं आतल्या गावातून एक म्हातारा भगत आणला. भगतानं तांदळाचे दाणे मांडले, बराच वेळ तिच्या हाताच्या व्रणाकडे बघितलं आणि आणलेली कोंबडी परत मनिषच्या हातात दिली. "बाहेरचं काय नाय हिच्यात," तो म्हणाला. "बघू नये ते बघितलंय. हे माझं काम नाय. मोठ्या दवाखान्यात ने." मनिषला वाटलं, म्हातारा आता थकला, विद्या गेली त्याची.

मग कोर्टाचं समन्स आलं. जिल्ह्याच्या कोर्टात खटला उभा राहणार होता आणि डोळ्यांनी बघितलेली, जखमी झालेली साक्षीदार एकच होती. बाकीच्या शंभर जणांनी, आपण तेव्हा चहाला गेलो होतो, असं लिहून दिलं होतं.

समन्सच्या चौथ्या दिवशी प्रविणचा धाकटा भाऊ सुरज मोटरसायकलवरून आला. कुंपणाशी गाडी लावून, इंजिन चालूच ठेवून, उघड्या दारातून आत बघत म्हणाला, "वहिनी, बाहेर येत नाय ऐकलं. बरं करते. आजारी माणसाला कोर्टपण जास्त त्रास देत नाय. घरातच रहा. घरात माणूस सुरक्षित असतो."

चंद्रिकानं पुढे होऊन दार लावलं, कडी घातली आणि दाराला पाठ लावून खाली बसली.

हे ऐकून तिचा भाऊ दीपेश तलासरीहून धावत आला. दीपेश तिथल्या एका कारखान्यात सुपरवायझर. ताईवर त्याचा जीव, आणि रागही तेवढाच. त्यानं मोबाईलवर कुठलासा व्हिडिओ बघितला होता. "ज्याची भीती वाटते ना, त्याच्यासमोर एकदाच नेऊन उभं करायचं," तो मनिषला म्हणाला. "एकदाच. झटक्यात जाते. तुम्ही लोकांनी लाडावून ठेवलंय हिला."

रविवारी सकाळी दोघांनी तिला धरलं. मनिषनं पाय, दीपेशनं काखा. चंद्रिकानं दाराची चौकट पकडली. दीपेशनं तिची बोटं एकेक करून सोडवली. दोन नखं मुळापासून निघाली आणि चौकटीवर रक्ताचे ओरखडे राहिले. ती मनिषच्या दंडाला चावली, मांस तुटेपर्यंत. हिरूबाई मुलाच्या पाठीवर काठीनं मारत होती, "सोड तिला, मेल्या, सोड!" शेजारी कुंपणाबाहेर उभे राहून बघत होते. शेवटी दीपेशनं ओढणीनं ताईचे हात बांधले आणि तिला कारखान्यातून मागून आणलेल्या टेम्पोत कोंबलं.

डहाणूपर्यंत ती किंचाळत होती. डहाणूत आल्यावर आवाज गेला. दीपेशनं तिला मासळी बाजारात नेलं, त्याच ओट्यापाशी. "बघ," तो तिची मान धरून म्हणाला, "बघ, काय आहे इथे? काही नाही! मासे आहेत!"

चंद्रिकाला मासे दिसले नाहीत. ओट्याची फट दिसली. तिच्या साडीतून लघवी वाहिली, डोळे वर गेले, आणि ती लाकडासारखी पडली. आजूबाजूला मोबाईल वर झाले. कोणीतरी पाणी मारलं. गर्दीतून कोणी म्हणालं, "ही तीच ना?"

माणसाला शहाणं व्हायला एवढं पुरायला हवं होतं. पण दीपेशचा हट्ट आणखी चढला. परत नेलं तर हरलो, असं त्याला वाटलं. त्यानं मनिषला वरोरला परत पाठवलं आणि ताईला तलासरीला आपल्या घरी नेऊन खोलीत ठेवलं. बाहेरून कडी. रोज संध्याकाळी कामावरून आला की तो तिला दंडाला धरून रस्त्यावर काढायचा, ती गुडघ्यांवर बसायची, तो उठवायचा. दुसऱ्या दिवशी त्यानं तिला थोबाडीत मारली. नंतर स्वतःच रडला. तिसऱ्या दिवशी तिनं खोलीच्या भिंतीवर कपाळ आपटून घेतलं, रक्त येईस्तोवर.

चौथ्या दिवशी तलासरीचा आठवड्याचा बाजार होता. दीपेश तिला टेम्पोतून तिकडे नेत होता. हायवेला लागले, शेजारून कंटेनरच्या रांगा जात होत्या. चंद्रिकाच्या छातीत पुन्हा ती धडधड उठली, आणि तिच्या मनात एकच विचार होता, की हे थांबवायचं. तिनं दाराची मूठ ओढली आणि चालत्या टेम्पोतून उडी टाकली.

मागच्या ट्रकनं ब्रेक दाबला म्हणून ती वाचली. गळपट्टीचं हाड मोडलं, अर्धा चेहरा खरवडून निघाला. दीपेश रस्त्यावर बसून आपल्याच तोंडात मारून घेत होता.

सरकारी दवाखान्यात हाड बांधल्यावर तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "उडी का मारली?" आणि उत्तर ऐकून त्यांनी मनोविकाराच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्या दर गुरुवारी यायच्या. चष्मा, पांढरे होत चाललेले केस, हळू आवाज. सोबत नर्स होती, रानशेतची बायजी, पन्नाशीची, रुंद खांद्यांची.

डॉक्टरीणबाईंनी आधी दीपेशला बाहेर काढलं. मग चंद्रिकाच्या खाटेवर नाही, शेजारच्या स्टुलावर बसून विचारलं, "पहिल्यांदा कुठे झालं?" अर्धा तास त्यांनी नुसतं ऐकलं. चंद्रिका म्हणाली, "मी वेडी झालेय, नाय?"

"नाही. तुमच्या मेंदूत एक भोंगा आहे, धोका आला की वाजणारा. त्या दिवशी तो खऱ्या धोक्याला वाजला, आणि मग अडकला. आता रिक्षा दिसली तरी वाजतो. तुम्ही घरात पळता, तो बंद होतो. मग त्याला वाटतं, घरात पळाली म्हणूनच वाचली. पुढच्या वेळी तो आणखी लवकर वाजतो. या आजाराला नाव आहे, आणि उपचारही आहेत."

"भावानं केला ना उपचार."

डॉक्टरीणबाईंनी स्टूल जवळ ओढलं. "त्यानं अर्धीच गोष्ट ऐकली. भीतीसमोर जायचंच असतं. पण पाऊल तुमचं, वेळ तुमची, आणि किती पुढे जायचं हेही तुम्हीच ठरवायचं. बांधून नेलं तर मेंदू एवढंच शिकतो की बाहेर नेऊन आपल्याला मारतात."

मग त्यांनी सरळ सांगितलं. एक, गोळ्या. रोज घ्यायच्या, परिणाम दिसायला चार-सहा आठवडे, पहिल्या आठवड्यात उलट जास्त अस्वस्थ वाटेल, तेव्हा सोडायच्या नाहीत, फोन करायचा. झोपेची, लगेच गुंगी आणणारी गोळी त्या देणार नव्हत्या. तिची सवय लागते आणि माणूस शिकत नाही. दोन, सराव. पायरी पायरीनं बाहेर जायचं, आणि धडधड सुरू झाली की पळायचं नाही, ती उतरेपर्यंत तिथेच थांबायचं. सोबत बोलणं, त्या दिवसाबद्दलही. "नुसत्या गोळ्या चालतात, नुसता सरावही चालतो. तुमचं प्रकरण बघता दोन्ही घ्या असं मी म्हणेन, पण ठरवायचं तुम्ही."

"कोर्टाची तारीख चार महिन्यांनी आहे," चंद्रिका म्हणाली.

"व्हिडिओवरूनही साक्ष घेतात. मी पत्र देईन. आज ते ठरवू नका."

दीपेशनं दाराबाहेरून विचारलं, "मी काय करू?" बायजी म्हणाली, "तू? तू हात खिशात ठेवायला शिक."

वरोरला परत आल्यावर बायजी दर मंगळवारी यायची, मधे फोन करायची. पहिल्या दिवशी तिनं चंद्रिकाला उंबऱ्यावर बसवलं. पाय आत, तोंड बाहेर. "भीती किती?" बायजी विचारायची. शून्य म्हणजे निवांत, दहा म्हणजे मरण.

"नऊ."

"बस. काय करायचं नाय. पळायचं नाय, देवाचं नाव घेऊन दाबायचंपण नाय. येऊ दे धडधडीला."

घाम पाठीवरून ओघळत होता. हात थरथरत होते. वीस मिनिटांनी चंद्रिका म्हणाली, "सात." चाळीस मिनिटांनी पाच. आपोआप. कोणी काही केलं नव्हतं. ती स्वतःच्या हातांकडे बघत राहिली.

उंबरा आठ दिवस. मग अंगण. मग कुंपण. गोळ्यांनी पहिले दहा दिवस तोंड कोरडं पडलं, पोटात ढवळलं, आत मुंग्या धावल्यासारखं झालं. हिरूबाई म्हणाली, "विष देतात गो तुला." चंद्रिकानं फोन केला, आणि गोळी सोडली नाही. अंगणात बसून बायजी तिला तो दिवस सांगायला लावायची, पहिल्यापासून, दर वेळी. पहिल्यांदा चंद्रिका गोणपाटापर्यंत येऊन थांबली. पाचव्यांदा शेवटपर्यंत गेली आणि मग दोन तास झोपली. दुसऱ्या महिन्याच्या शेवटी ती नळापर्यंत गेली आणि भरलेली कळशी घेऊन आली. मनिष त्या दिवशी घरी होता. त्याच्या दंडावर तिच्या दातांचा व्रण होता. तो नळाच्या वाटेवर उभा होता, पण हात पुढे केला नाही.

मग सुरज आला.

दुपारचे बारा वाजले होते. मनिष बोटीवर. पुरुष सगळे बंदरावर. चंद्रिका आतल्या खोलीत विळीवर मुशी मासा कापत होती. बाहेर हिरूबाई ओरडली आणि काहीतरी धप्पकन पडलं. सुरज आत आला, दाराची कडी आतून लावली आणि चंद्रिकाचे केस धरून तिचं डोकं जमिनीवर आपटलं. एकदा, दोनदा. मग छातीवर गुडघा ठेवून गळा दाबला.

"नळावर जायला लागली, हां? उद्या कोर्टात जाशील. सांगितलं होतं ना, घरात सुरक्षित असतो माणूस? बघ, किती सुरक्षित."

तिच्या डोळ्यांपुढे काळं व्हायला लागलं. गळपट्टीचं ते मोडलेलं हाड त्याच्या गुडघ्याखाली पुन्हा कडकडलं. उजवा हात विळीला लागला. विळीचं पातं उभं असतं, ती उचलून मारता येत नाही. तिनं ती त्याच हातानं आपल्याकडे ओढली आणि दोन्ही हातांनी सुरजचा खांदा पकडून त्याला सगळ्या ताकदीनं त्या बाजूला लोटलं. पातं त्याच्या मांडीत शिरलं. तो गुरासारखा ओरडला. तिनं पाट धरून विळी ओढली आणि पुन्हा लोटली, आणि पुन्हा. तो विव्हळत भिंतीला सरकला तेव्हा ती उठली, कडी काढली, पडवीत पडलेल्या सासूवरून उडी मारली, आणि धावली.

अंगण, कुंपण, नळ, दुकान, नाका. नळाच्या पुढे वर्षभरात तिचं पाऊल नव्हतं, तिथूनही ती धावली. केस सुटलेले, अंगावर रक्त, आपलं, त्याचं आणि मुशीचं. "सुरजनं म्हातारीला मारलं!" ती ओरडत होती, आणि तो जुना आवाज होता, बाजाराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाणारा.

माणसं आली. बंदरावरून, घरांतून, पन्नास-साठ. सुरज लंगडत मोटरसायकलकडे जात होता, त्याला खाली पाडलं. लाथा सुरू झाल्या. वल्ह्याचा दांडा त्याच्या तोंडावर बसला, दात उडाले. कोणीतरी मोटरसायकल पेटवली. जे लोक तिला ओढून नेताना कुंपणाबाहेर उभे राहिले होते तेच आता सगळ्यात पुढे होते. चंद्रिका धापा टाकत परत आली आणि त्या गर्दीत तिला एक हात वर जाताना दिसला. हातात कोयता होता.

ती मधे घुसली. दांड्याचा एक फटका तिच्या पाठीत बसला, तरी तिनं तो कोयत्याचा हात दोन्ही हातांनी धरला आणि त्याला लोंबकळली. "नको!" ती म्हणाली. "परत नको! मी परत नाय बघणार हे! पोलिसांना बोलवा!"

तो हात कोणाचा होता हे तिनं नंतरही कोणाला सांगितलं नाही. सुरज जिवंत राहिला. हिरूबाईचं खुब्याचं हाड मोडलं होतं, पण तीही वाचली.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं की चंद्रिकाचं भय गेलं. बायका येऊन तिच्या पाया पडायला लागल्या. दीपेश फोनवर रडत म्हणाला, "ताई, बरी झालीस तू!"

दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्रिका अंथरुणातून उठू शकली नाही. मोरीपर्यंत जायला मनिषला धरावं लागलं. आतापर्यंत बाहेरचीच भीती होती. आता घरही गेलं. कडीचा आवाज झाला की ती कोपऱ्यात जायची.

डॉक्टरीणबाई स्वतः आल्या. "ते बरं होणं नव्हतं," त्या म्हणाल्या. "जीव वाचवायला पळालात तुम्ही, आणि बरोबर केलंत. पण भोंगा आता पुन्हा अडकलाय. लाज वाटून घेऊ नका. गोळीचा डोस थोडा वाढवू. पायऱ्या पुन्हा पहिल्यापासून."

"पुन्हा उंबरा?"

"आधी हे अंथरूण. पण या वेळी तुम्हाला एक गोष्ट माहीत आहे, नऊचा पाच होतो ते."

चंद्रिकानं भिंतीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाली, "बायजीला मंगळवारी यायला सांगा. सकाळची."

तारीख दोनदा पुढे गेली. त्यातही सहा महिने निघाले, आणि ते तिला उपयोगी पडले. सरकारी वकिलांनी व्हिडिओचं विचारलं तेव्हा तिनं दोन दिवस मागून घेतले आणि सांगितलं, "येते. तो मला बघू दे."

कोर्टात बायजीला तिच्या शेजारी बसू दिलं, दार उघडं ठेवलं. प्रविण समोर होता, इस्त्रीचा शर्ट घालून. त्याला बघताक्षणी धडधड उठली. दहातले साडेनऊ. तिनं पिंजऱ्याचा कठडा धरला आणि न्यायाधीशांना म्हणाली, "साहेब, मला दहा मिनिटं लागतील. मी इथेच उभी राहते." न्यायाधीशांनी मान हलवली. पूर्ण कोर्ट दहा मिनिटं तिच्या श्वासाचा आवाज ऐकत बसलं. मग तिनं सगळं सांगितलं, गोणपाटापासून बिडीपर्यंत, एकदाही न थांबता.

प्रविणचा वकील उठला. "तुम्ही मनोरुग्ण आहात, खरं ना? मेंदूच्या गोळ्या घेता?"

"घेते. रात्री जेवल्यावर एक."

"तुम्हाला नसलेल्या गोष्टींची भीती वाटते?"

"वाटते. रिक्षाची वाटते, बाजाराची वाटते. आत्ता तुमच्या मागच्या दाराची वाटतेय." तिनं डावा हात वर करून पदर बाजूला केला. "हे नसलेलं नाही."

निकालाला आणखी चार महिने लागले. जन्मठेप. सुरजवर वेगळा खटला चालू झाला. चंद्रिका तेव्हा सासूच्या जागी वरोरच्या नाक्यावर बसायला लागली होती. रोज नाही, आठवड्यातून चार दिवस. डहाणूच्या बाजाराची पायरी अजून झाली नव्हती.

निकाल कळल्यावर ती मनिषला म्हणाली, "घोलवडला जायचंय. संगीताच्या आईकडे." ती बाराव्याला गेली नव्हती, वर्षश्राद्धालाही नाही. रिक्षातून जायला त्यांना अडीच तास लागले. तीनदा थांबले. प्रत्येक वेळी ती रस्त्याच्या कडेला बसली, धडधड उतरू दिली आणि पुन्हा रिक्षात चढली.

संगीताची आई लाडकीबाई चिकूच्या वाडीत होती. झाडाखाली बसून उतरवलेले चिकू पेटीत भरत होती. चंद्रिकाला बघून उठली. जवळ आली आणि दोन्ही मुठींनी तिच्या छातीवर, खांद्यावर मारायला लागली. "दोन वर्षं! दोन वर्षं आली नाहीस! माझी पोरगी तुझ्या अंगावर मेली आणि तू तोंड दाखवलं नाहीस!" मनिष पुढे झाला. चंद्रिकानं त्याला हातानं थांबवलं. मोडून जुळलेल्या हाडावर मुठी बसत होत्या. ती तशीच उभी राहिली. म्हातारीचे हात थकले, मग ती तिच्याच खांद्याला टेकली.

"शेवटी काय बोलली ती?" लाडकीबाईनं विचारलं. "पोलिसांनी सांगितलं नाही. कोर्टातही कोणी विचारलं नाही."

चंद्रिकानं हे आजवर फक्त बायजीला सांगितलं होतं. तिनं म्हातारीला झाडाखाली बसवलं आणि शेजारी बसली.

"तुमचंच बोलली. म्हणाली, आईला आत्ता नको सांगू, तिचं प्रेशर वाढेल. जेवण झाल्यावर सांग."

लाडकीबाईनं जवळचा एक चिकू उचलून पेटीत ठेवला. वाडीत गडी पेट्या उचलत होते. मग तिनं पदरानं नाक पुसलं आणि विचारलं, "तू जेवलीस का?"

"नाही," चंद्रिका म्हणाली.